शिश्नवक्रता : भय आणि निर्णय



आजचा विषय उच्चारताना वक्त्याची जीभ थोडी अडखळते आणि ऐकताना श्रोत्यांची मान थोडी खाली जाते, हे मी जाणून आहे. मूळव्याधीवर व्याख्यान दिले तर लोक हसत हसत का होईना, पण ऐकतात. मधुमेहावर दिले तर वही काढून टिपणे घेतात. परंतु पुरुषाच्या जननेंद्रियाला येणाऱ्या वाकडेपणाचा विषय निघाला की सभागृह चिडीचूप होते. ही शांतता सभागृहातच राहिली असती, तर चिंतेचे कारण नव्हते. ती माणसाबरोबर घरी जाते आणि नवराबायकोच्या मध्ये वर्षानुवर्षे पडून राहते.

वास्तविक मराठी भाषेला हा संकोच शोभत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि कामविषयक प्रश्नांवर मराठीत स्वच्छ, शास्त्रीय भाषेत बोलता येते हे दाखवून दिले. त्यापायी त्यांना कोर्टाची पायरीही चढावी लागली. आपल्याला आज तेवढी किंमत मोजायची नाही. थोडा संकोच बाजूला ठेवायचा, एवढेच.

असे समजू या की एक गृहस्थ आहेत. वय चौपन्न, पेठेत कापडाचे दुकान, मधुमेहाची गोळी पाच वर्षांपासून चालू. एके दिवशी त्यांच्या ध्यानात येते की, ताठरता आली असता शिश्न वरच्या अंगाला वाकते आणि त्या जागी दुखते. चाचपून पाहतात तो कातडीखाली वाटाण्याएवढी कठीण गाठ बोटांना लागते. पहिला विचार मनात येतो तो कर्करोगाचा. दुसरा येतो तो तरुणपणीच्या कुठल्या तरी ‘चुकी’चा. आणि तिसरा, हे सांगायचे कोणाला? घरचे डॉक्टर ओळखीचे. त्यांची पत्नी आपल्या पत्नीच्या भिशीतली. म्हणजे तेही दार बंद. मग आमचे गृहस्थ रात्री हिशेबाच्या वह्या काढून उशिरापर्यंत बाहेरच्या खोलीत बसू लागतात. पत्नीचा डोळा लागला अशी खात्री झाली की मग आत येतात. आणि पत्नी डोळे मिटून जागीच असते; तिला वाटते, ह्यांचे आपल्यावरचे मन उडाले.

या गृहस्थांना काय झाले आहे, ते आधी पाहू आणि मग त्यांनी काय करावे याचा विचार करू.

शिश्नाच्या आत दोन लांबट, स्पंजासारखे भाग शेजारी शेजारी असतात. ताठरता येते ती त्यांत रक्त भरल्यामुळे. या दोहोंभोवती एक पांढरे, चिवट, पण ताणले जाणारे वेष्टन असते. जत्रेत मिळणारा लांबट फुगा डोळ्यांसमोर आणा. तो फुगवला की सरळ उभा राहतो. आता त्याच फुग्याच्या एका बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि फुगवा. जेथे पट्टी आहे तेथील रबर ताणले जात नाही, समोरच्या बाजूचे ताणले जाते. म्हणून फुगा पट्टीच्या बाजूला वाकतो. शिश्नाच्या वेष्टनात वण तयार झाला म्हणजे नेमके हेच घडते. बहुतेकांच्या बाबतीत वण वरच्या बाजूस असतो, म्हणून वाकही वरच्या बाजूस येतो. काहींना तो डावीकडे, उजवीकडे किंवा खाली येतो. काहींचे शिश्न एका जागी डमरूसारखे आवळले जाते, तर काहींची लांबी थोडी घटते. शिथिल अवस्थेत मात्र बहुधा बाहेरून काहीच दिसत नाही.

हा वण का येतो? समागमाच्या वेळी शिश्न किंचित दुमडले जाऊन वेष्टनाला बारीकशी इजा होते, आणि ती भरून येताना काही माणसांच्या शरीरात जरुरीपेक्षा जास्त घट्ट तंतू साचतात, असे आज सामान्यतः मानले जाते. पुष्कळांना अशी इजा झाल्याचे आठवतही नाही. मधुमेह असणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो. काही जणांच्या तळहातातही असाच घट्ट दोर तयार होऊन अनामिका आणि करंगळी आत वळू लागतात. त्या विकाराचे आणि या विकाराचे नाते जवळचे आहे. तेव्हा डॉक्टरांनी शिश्नाची तक्रार ऐकून तुमचा तळहात पाहिला, तर ते हस्तरेषा पाहत आहेत असे समजू नका.

या विकाराला पेरोनीचा विकार म्हणतात. फ्रान्स्वा द ला पेरोनी हा फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा शल्यचिकित्सक. त्याने १७४३ साली अशा रुग्णांचे वर्णन करताना जपमाळेच्या मण्यांसारख्या गाठींचा उल्लेख केला आहे, आणि उपाय म्हणून पिरेनीज पर्वतातील बारेज येथील ऊन झऱ्यांचे पाणी सुचवले आहे. त्या झऱ्यांनी वण विरघळत नाहीत हे आज आपण जाणतो. परंतु ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, राजदरबारातल्या वैद्याला या विषयावर लिहिताना लाज वाटली नाही. आपण पावणेतीनशे वर्षांनंतरही कुजबुजतो आहोत!

हा विकार दुर्मिळ आहे काय? मुळीच नाही. निरनिराळ्या पाहण्यांत प्रौढ पुरुषांमधले त्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी ते नऊपर्यंत आढळले आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरातील पाहणीत ते शंभरात तीनाहून थोडे अधिक निघाले. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास तो अधिक दिसतो. या सभागृहात जे प्रौढ पुरुष बसले आहेत, त्यांच्यात एखाददुसरा तरी आमच्या दुकानदारांचा सोबती असणे अगदी शक्य आहे. आणि त्यालाही वाटत असेल की, जगात हे दुखणे आपल्या एकट्याच्याच वाट्याला आले.

आता भय दूर करू. ही गाठ कर्करोग नाही आणि तिचा पुढे कर्करोग होत नाही. हा विकार संसर्गाने होत नाही; तो पत्नीकडून आलेला नसतो आणि पत्नीला होत नाही. हस्तमैथुनाचे हे ‘फळ’ नव्हे. वीर्याशी त्याचा संबंध नाही. मात्र गाठ याच विकाराची आहे, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे; आपण अंदाज बांधून स्वस्थ बसू नये. विशेषतः शिश्नावर बरी न होणारी जखम, चट्टा किंवा कातडीवरच वाढणारी गाठ असेल, तर ती लगेच दाखवली पाहिजे. आणखी एक प्रसंग तातडीचा आहे. समागमाच्या वेळी ‘कट्’ असा आवाज होऊन तीव्र कळ आली, ताठरता एकदम गेली आणि शिश्न सुजून काळेनिळे पडले, तर वेष्टनच फाटलेले असते. त्या वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता या विकाराची चाल पाहू. त्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दुखते आणि वाकही बदलत असतो. हा टप्पा बहुधा सहा महिने ते दीड वर्ष चालतो. दुसऱ्या टप्प्यात दुखणे थांबते आणि वाक आहे तेथे स्थिर होतो. औषध न घेता राहणाऱ्यांचे पुढे काय होते? अमेरिकेतील एका अभ्यासात अशा दोनशेहून अधिक पुरुषांवर सरासरी दीड वर्ष लक्ष ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना वेदना होती त्यांपैकी दहांतल्या जवळजवळ नऊ जणांची वेदना पूर्ण गेली. वाक मात्र शंभरांतील बारा जणांचाच कमी झाला. चाळीस जणांचा होता तसा राहिला. अठ्ठेचाळीस जणांचा वाढला. याचा अर्थ सरळ आहे. दुखणे बहुधा आपोआप जाते, वाकडेपणा बहुधा आपोआप जात नाही. ‘थांबू या, होईल बरे’ हा विचार वेदनेपुरता खरा आहे. वाकाच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

मग आमच्या दुकानदारांनी काय करावे? शस्त्रक्रियेची घाई नको, पण डॉक्टरांच्या भेटीची दिरंगाईही नको. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की माणूस दोन्ही बाजूंनी फसतो. एक तर तो वर्षानुवर्षे घरी बसतो, नाही तर रेल्वेच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ ही पाटी वाचून भलत्याच्या तंबूत शिरतो. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ सालच्या कायद्याने मनाई केली. जी वस्तू अशी जाहिरात करूनच खपवावी लागते, तिच्याविषयी वेगळे काय सांगावे? तेल चोळून वेष्टनातला वण जात नाही. उलट जोरजोराने चोळण्याने आणि ओढण्याने नवी इजा मात्र होऊ शकते.

जायचे ते मूत्ररोगतज्ज्ञाकडे. घरचे डॉक्टर ओळखीचे असतील तर दुसऱ्या गावच्या तज्ज्ञाकडे जा. त्यात गैर काही नाही. तज्ज्ञ चार साध्या गोष्टी विचारील: केव्हा सुरू झाले, दुखते काय, वाक अजून बदलतो काय, आणि ताठरता पूर्वीसारखी येते काय. ताठर अवस्थेतले वरून आणि बाजूने घेतलेले छायाचित्र दाखवता आले तर काम सोपे होते; हल्ली मोबाइलमुळे ते घरीच घेता येते. जरूर पडल्यास दवाखान्यात इंजेक्शन देऊन ताठरता आणतात आणि कोनमापकाने कोन मोजतात. शाळेत भूमितीच्या तासाला जे कोनमापक आपण वापरले, तेच. कधी सोनोग्राफीही करतात. मधुमेह ताब्यात आहे की नाही, हेही पाहिले जाते.

यानंतर निर्णयाची वेळ येते. येथे मला आजच्या व्याख्यानातली मुख्य गोष्ट सांगायची आहे. कोन किती अंशांचा, हा डॉक्टरांचा प्रश्न झाला. तुमचा प्रश्न आहे, तो कोन कशाच्या आड येतो? वीस अंशांच्या वाकाने एखादा खचून जातो. पन्नास अंशांचा वाक असताना एखाद्या जोडप्याचा संसार सुखाने चाललेला असतो. कपाटाचे दार थोडे वाकले म्हणून कोणी घर पाडीत नाही. ते उघडते-मिटते आहे ना, एवढे पाहतो. तेव्हा स्वतःला विचारा: समागम करता येतो काय? मला किंवा पत्नीला त्यात वेदना होते काय? ताठरता पुरेशी येते काय? आणि या गोष्टीचा विचार माझे दिवस आणि रात्री खाऊन टाकतो आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर उपचार न घेणे हाही पुरा शहाणपणाचा निर्णय आहे. तो भित्रेपणा नव्हे. मात्र तो निर्णय तपासणीनंतर घेतलेला असावा. तोंड लपवून घेतलेला नसावा.

चौथा प्रश्न क्षुल्लक समजू नका. अमेरिकेतील एका अभ्यासात या विकाराच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत उदासीनतेची लक्षणे आढळली. मन खचले असेल, तर मनाचाही उपचार घ्यावा. वाक तसाच राहून माणूस बरा झाला, असेही होऊ शकते.

आता उपचारांचे गुणदोष पाहू. पोटात घेण्याच्या औषधांविषयी फार आशा बाळगू नका. ‘ई’ जीवनसत्त्व १९४८ पासून दिले जात आले. पण अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली मार्गदर्शन केले, त्यात ते या विकारासाठी देऊ नये असेच सांगितले आहे. पहिल्या टप्प्यातील दुखण्यावर साधी वेदनाशामके घेता येतात, तीही डॉक्टरांना विचारून. ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराने दुखणे कमी होऊ शकते. वाक सरळ होत नाही. ताठरतेच्या गोळ्यांनी ताठरता सुधारते. वण हटत नाही. रोज काही वेळ शिश्न हलकेच ताणून धरणारे साधनही असते. त्याने काहींना थोडा गुण येतो, पण ते महिनोन् महिने नेमाने वापरण्याची चिकाटी हवी.

गाठीत देण्याच्या इंजेक्शनांपैकी कोलॅजेनेज या औषधाला अमेरिकेत २०१३ साली परवानगी मिळाली. वणातील घट्ट तंतू विरघळवणारे हे द्रव्य आहे. जास्तीत जास्त आठ इंजेक्शने काही महिन्यांत देतात. परवानगीपूर्वीच्या चाचण्यांत वाक सरासरी ३४ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना नुसते औषधाविना इंजेक्शन दिले, त्यांचाही १८ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे साधारण पन्नास अंशांचा कोन तेहेतीस अंशांवर आला. शिश्न पूर्ण सरळ झाले, असे नव्हे. सूज आणि काळानिळेपणा पुष्कळांना येतो, आणि क्वचित वेष्टन फाटण्याचा धोकाही असतो. हे औषध सर्व देशांत मिळत नाही. त्याऐवजी इतर काही औषधेही गाठीत टोचतात. त्यांचा गुण कितपत येतो, हे तज्ज्ञाला स्पष्ट विचारावे.

वाक सरळ करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग शस्त्रक्रियेचा. परंतु ती दुसऱ्या टप्प्यातच करावयाची. वाक निदान तीन महिने स्थिर असला पाहिजे. नाही तर आज सरळ केलेले उद्या पुन्हा वाकेल. शस्त्रक्रियेचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात वणाच्या समोरची, म्हणजे लांब बाजू टाके घालून आखूड करतात. अमेरिकन शल्यचिकित्सक नेस्बिट यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेली पद्धत याच जातीची. शिंपी जसा लोंबणाऱ्या बाजूला चुणी घेऊन सदरा सरळ बसवतो, तसेच हे. चुणी घेतली की लांबी थोडी कमी होणारच. हे आधी माहीत असावे, म्हणजे मागाहून पस्तावा होत नाही. दुसऱ्या प्रकारात वणावर छेद घेऊन किंवा त्याचा भाग काढून तेथे ठिगळ लावतात. मोठा वाक असेल तर हा मार्ग घेतात. लांबी त्यात बरीचशी राखली जाते, पण ताठरता कमी होण्याची भीती अधिक असते. तिसरा प्रकार ज्यांची ताठरताच गेली आहे आणि औषधाने येत नाही त्यांच्यासाठी. त्यात शिश्नाच्या आत कृत्रिम आधार बसवतात. कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड महिना समागम वर्ज्य असतो. आणि संवेदना थोडी बदलणे, वाक थोडा उरणे, हे संभवते. शल्यचिकित्सकाला आधी एकच प्रश्न निक्षून विचारा: “यातून मला काय मिळेल आणि काय गमवावे लागेल?” जो दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणी देतो, त्याच्या हाती स्वतःला सोपवावे.

आता थोडे तरुणांविषयी. काहींचे शिश्न जन्मतःच थोडे वाकडे असते. गाठ नसते, दुखत नाही, वाक बहुधा खालच्या अंगाला असतो, आणि वयात आल्यावर तो प्रथम ध्यानात येतो. थोडा वाक हा तर दोष नव्हेच. डावा-उजवा डोळा तरी अगदी सारखा कोणाचा असतो? परंतु लग्न ठरू लागले की या मुलांची झोप उडते. स्थळांना नकार देत राहतात, आणि आईबापांना वाटते की मुलाचे मन दुसरीकडे गुंतले. अशा मुलाने लग्नाआधी एकदा तज्ज्ञाला दाखवावे. बहुतेकांना ‘काही करायचे नाही’ एवढेच उत्तर मिळते. आणि वाक खरोखरच आड येणारा असेल, तर शस्त्रक्रियेने तो चांगला सरळ करता येतो. नुसत्या वाकामुळे वीर्यात उणेपणा येत नाही. आणि आईबापांनो, मुलगा लग्नाला नाही म्हणतो तेव्हा त्याच्यावर रागावण्याआधी, एखाद्या डॉक्टरशी त्याला एकट्याने बोलण्याची सोय करून द्या.

शेवटी पुन्हा त्या दुकानदारांकडे जाऊ. ते तज्ज्ञाकडे गेले असे धरू. वाक पस्तीस अंशांचा निघाला, सहा महिन्यांचा आहे आणि अजून बदलतो आहे. तज्ज्ञ म्हणाले, “आत्ता शस्त्रक्रिया नाही. साखर ताब्यात आणा. तीन-चार महिन्यांनी पुन्हा दाखवा. तोवर दुखत असेल तर जबरदस्ती करू नका. निराळ्या आसनाने, सावकाश, पत्नीला सोयीचे पडेल तसे करा.” सगळे उपाय झाले, पण एक राहिला, तो कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. त्या रात्री त्यांनी हिशेबाच्या वह्या लवकर मिटल्या पाहिजेत आणि आत जाऊन पत्नीला म्हटले पाहिजे, “अगं, एक सांगायचे आहे. माझ्या शरीराला असे असे झाले आहे. तुझ्यावर मन नाही असे नाही.” वाक्य लहान आहे, पण ते उच्चारायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त धैर्य लागते. आणि बहुधा पत्नीचे उत्तर असते, “एवढेच ना? मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

येथे बसलेल्या भगिनींना माझी एवढीच विनंती आहे. घरचा पुरुष अकारण दूर राहू लागला, तर रागावण्यापूर्वी एकदा विचारा. उपचार घ्यायचा की नाही, हे पुढे दोघांनी मिळून ठरवा. कारण या दुखण्याचा त्रास दोघांना आहे, आणि निर्णयाचे फळही दोघांनाच भोगायचे आहे. वाकडेपणा काहींचा कमी होईल, काहींचा तसाच राहील. मधली शांतता मात्र कोणत्याही वयात, आज रात्रीदेखील, मोडता येते.